पाटावरचे स्केट्स

माझ्या जुन्या स्केट्सवर एक पिवळा डाग आहे. पातं ज्या पांढऱ्या प्लास्टिकमध्ये बसवलेलं असतं ना, त्यावर, डाव्या टाचेकडे. अबुधाबीत मी ज्या पोरांना आइस हॉकीतलं गोलकीपिंग शिकवते, त्यातलं एक तरी कार्टं दर आठवड्याला विचारतंच, "कोच, व्हॉट्स दॅट यलो थिंग?" मी दर वेळी नवीन काहीतरी ठोकून देते. एकदा सांगितलं, हॉटडॉगची मोहरी आहे. एकदा सांगितलं, स्वीडनमध्ये एका कुत्र्याने पाय वर केला होता. त्या दिवशी सगळी पोरं माझ्यापासून चार हात लांब उभी राहिली आणि सराव फार शिस्तीत झाला. पण खलिफा सिटीत राहणारी एका मराठी घरातली मुलगी आहे, तिने वाकून नीट बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "दॅट्स हळद." झालं, पकडली गेले. मग तिला खरं सांगावं लागलं.

तर खरं असं, की मी स्वीडनमध्ये काही हिवाळे पगार घेऊन आइस हॉकी खेळले. व्यावसायिक खेळाडू म्हटलं की लोकांना विमानं आणि फोटो दिसतात. आमच्याकडे बस होती, उकडलेले बटाटे होते, आणि सकाळच्या वेळात क्लबच्याच धुलाईखोलीत घामट जर्सी वाळत घालायचं काम होतं. तरी करारावर सही होती आणि जर्सीवर माझं नाव होतं, दोन्हीकडे स्पेलिंग वेगवेगळं. त्या करारापर्यंत मी पोचले ती शारजातल्या आमच्या हॉलमधल्या एका पाटावरून. तो पाट आधी समजून घ्यायला हवा.

आमचे बाबा मूळचे चिपळूणकडचे. शारजाच्या औद्योगिक भागात त्यांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा व्हायची, आणि ती बाबा स्वतः करायचे. आदल्या दिवशी पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर घरी आणायचे, रॉकेलने धुवायचे, खोबरेल तेलाचा हात फिरवायचे. सकाळी पाटावर लाल कापड, त्यावर हत्यारं, हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. एकदा पूजा झाली की त्या वस्तूला दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. गॅरेजला सुट्टी. वर्षभर राबणाऱ्या वस्तूंनी एक दिवस आराम करायचा, असा बाबांचा हिशेब. स्वतः मात्र त्या दिवशीही सोफ्यावर बसून टीव्हीवरच्या गाड्यांचे आवाज ऐकून "याचा बेल्ट गेलाय" असलं काहीतरी सांगत बसायचे.

पाटावर काय ठेवायचं याचा नियम फार कडक होता. पोट भरणारी वस्तू असेल तर पाटावर, नाहीतर नाही. आई कपडे शिवते. पण ती फक्त आमचे फ्रॉक शिवायची तोवर तिची कात्री ड्रॉवरमध्येच असायची. ज्या वर्षी बिल्डिंगमधल्या बायकांचे ब्लाउज येऊ लागले, त्या वर्षी तीच कात्री पाटावर चढली. मी शाळेत असताना माझे पहिले सेकंडहँड स्केट्स मोठ्या हौसेने पाटावर नेऊन ठेवले होते. बाबांनी ते दोन बोटांनी उचलले आणि सोफ्याखाली सरकवले. "हे खेळणं आहे गो," म्हणाले. पुढे मी नोकरीला लागले तेव्हा माझा ऑफिसचा लॅपटॉप मात्र न विचारता पाटावर गेला, वर झेंडूचं फूल. मला त्या लॅपटॉपचा इतका राग यायचा की सांगता सोय नाही.

गंमत म्हणजे मला बर्फाचा नाद लावला तो बाबांनीच. उन्हाळ्यात गाड्यांचे पार्ट आणायला दुबईला जाताना ते मला मॉलमधल्या रिंकवर सोडायचे, कारण तिथे एसी फुकट आणि पोरगी कुठे जात नाही. गेली कुठेच नाही, हे मात्र खरं. गावाकडून आत्याचा फोन आला की ती विचारायची, "अगो, तिथे डांबर वितळतं म्हणतात, आणि ही बर्फावर खेळते?" बाबा म्हणायचे, "खेळते. ऑफिस सुटल्यावर." त्या 'ऑफिस सुटल्यावर'मध्ये माझी अख्खी किंमत करून टाकलेली असायची.

आता त्या वर्षीचं. आमच्या महिला संघाच्या ट्रेनरची एक मैत्रीण स्वीडनहून ऊन खायला आली होती. ती तिथल्या एका लहान गावच्या क्लबची कोच, आणि सीझन सुरू होताच तिच्या गोलकीपरचा गुडघा गेला होता. ट्रेनरने तिला सांगितलं, आमची पोरगी एकदा बघ. ती फक्त एक मॅच बघणार होती, शुक्रवार संध्याकाळची, आणि शनिवारी तिचं विमान होतं. आवडली तर घेऊन जाणार, नाहीतर मी आयुष्यभर इन्व्हॉइस तपासणार. मधला काही मार्ग नव्हता.

बाबांना मी हे सांगितलं नव्हतं. आधी एकदा बाहेर जाऊन खेळण्याचा विषय नुसता काढला होता, तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं होतं, "सहा महिने बाहेर राहिलीस तर इथला विसा खलास. मग कुठे राहशील, बर्फात?" माझा विसा त्यांच्याच नावावर होता, त्यामुळे पुढे बोलायला मला तोंडच नव्हतं. म्हणून ठरवलं, आधी निवड होऊ दे, मग बघू. आईला तेवढं माहीत होतं.

आणि शुक्रवारी होती खंडेनवमी.

माझी गोलकीपरची भलीमोठी बॅग मैत्रिणीच्या गाडीत असायची. स्केट्स तेवढे मी घरी एसीत ठेवायचे, कारण इथल्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवले की त्यांचा गोंद सुटतो. सकाळी उठून हॉलमध्ये आले तर पूजा झालेली. आणि पाटावर, बाबांच्या पान्यांच्या आणि आईच्या कात्रीच्या मधोमध, माझे स्केट्स. पात्यांना खोबरेल चोपडलेलं, वर हळदीकुंकवाची बोटं, नाड्यांत झेंडू खोचलेला. लॅपटॉपचा पत्ता नव्हता.

मी तिथेच उभी राहिले. बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "पूजेतली वस्तू आज उचलायची नाही. उद्या सकाळी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, यांना कळलंय. कुणीतरी सांगितलंय. स्वतः नाही म्हणायचं नाही, देवाला पुढे करायचं, म्हणजे पोरीला भांडताही येत नाही. काय डोकं आहे या माणसाचं. आणि मला तर विचारायचीही सोय नव्हती, कारण 'आज स्केट्स कशाला हवेत' या प्रश्नाचं उत्तर मीच लपवून ठेवलेलं.

स्वयंपाकघरात जाऊन आईला धरलं. "तू सांगितलंस ना त्यांना?"

"मी कशाला सांगू?" आई पुरण वाटत होती. "सकाळी उठले तर पूजा झालेली."

"मग आता काढून दे मला."

"देवाशी मस्करी नको हां," आई म्हणाली. "दुसऱ्या कुणाचे घाल."

दुसऱ्या कुणाचे घाल! चप्पल आहे का ती? गोलकीपरचे स्केट्स निराळे असतात, आणि माझ्या मापाचे अख्ख्या अमिरातीत कुणाकडे असले तरी ते शोधायचे कधी. मी खोलीत जाऊन उशीवर चार बुक्के मारले. मैत्रिणीला मेसेज केला, बाप आडवा आलाय. तिने उलट मेसेज केला, मी पाच वाजता खाली येते, तू यल्ला, चटकन काहीतरी कर.

दुपारभर बाबा सोफ्यावरून हलले नाहीत. जेवले सोफ्यावर, पेंगले सोफ्यावर. मी पाण्याच्या निमित्ताने बाहेर आले की त्यांचा एक डोळा उघडायचा. आई शिवणाच्या खोलीत दार लावून बसली होती, डोकं दुखतंय म्हणून. माझं डोकं मात्र नुसतं तापलेलं.

चारच्या सुमाराला बाबांचा फोन वाजला. त्यांचं जुनं अरब गिऱ्हाईक, म्हातारा शेख, गाडी कुठेतरी पार्किंगमध्ये बंद पडलेली. बाबा म्हणाले, "हबीबी, आज हॉलिडे." मग म्हणाले, "इन्शाल्ला, कल सुबह." मग बराच वेळ नुसते ऐकत राहिले. फोन ठेवून थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघितलं. मी खोलीच्या दाराच्या फटीतून पाहत होते. मग मोठ्याने म्हणाले, "दूध आणतो गो खालून," मी पटकन फटीपासून मागे सरले, आणि थोड्या वेळाने बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला. फ्रीज दुधाच्या बाटल्यांनी आधीच भरलेला होता, पण ते माझ्या नंतर लक्षात आलं.

मी पाटाशी धावले. फुलं बाजूला केली आणि हात तसाच राहिला. बॅटरी खोलायला लागतो तो दहा नंबरचा पाना जागेवर नव्हता. त्याच्या जागी कालथा होता. आमच्या घरचा, थालीपीठ उलटायचा कालथा, कुंकू लावून, वर अक्षता टाकून, अगदी रीतसर. शेजारी आईची कात्री होती तिथे सांडशी. तिलाही झेंडूचं फूल.

दोघांनीही. एकमेकांच्या नकळत. म्हातारा शेख उन्हात उभा होता, आणि शेजारणीला दसऱ्याला नेसायच्या साडीवरचा ब्लाउज सकाळी हवा होता. देवाशी मस्करी नको म्हणणारी माझी आई आतल्या खोलीत, डोकं दुखत असताना, हुकं लावत होती.

मला इतकं हसू आलं की पदर असता तर तोंडात कोंबला असता. मग म्हटलं, आता मागे राहायचं कारणच नाही. स्केट्स उचलले. त्यांच्या जागी तेवढ्याच उंचीचं काहीतरी हवं होतं. दाराशी बाबांचे गॅरेजचे सेफ्टी शूज होते, पुढे लोखंडी टोपी असलेले, ग्रीसने काळे झालेले. पुसले, पाटावर ठेवले, कुंकू लावलं, झेंडूखाली झाकले. देवाला म्हटलं, हेही पोट भरणारेच आहेत, सांभाळून घे. आणि जिना उतरले.

गाडीत बसून टिश्यूने पाती पुसली. बाबांनी हत्यार जसं तेलात माखावं तसं माखलं होतं, आणि तेलात कालवलेलं कुंकू पातं आणि प्लास्टिकच्या मधल्या फटीत जाऊन बसलं होतं. म्हटलं, बर्फावर जाईल निघून.

बर्फावर निघालं, हे खरं. मॅच सुरू झाली. पहिल्याच हल्ल्याला मी डावीकडे सरकायला पाय रेटला आणि तेलाने पाय असा सुटला की मी एकीकडे, गोल दुसरीकडे. आइस हॉकीत चेंडूऐवजी असते ती चकती आरामात आत गेली. काचेपलीकडे स्वीडनची बाई हाताची घडी घालून उभी होती. मी मनात म्हटलं, गेलं. आता लॅपटॉप. उठले, गुडघे टेकले, पुढचे दोन फटके कसेबसे अडवले, आणि मग शिट्टी वाजली.

रेफरी माझ्याकडे बोट दाखवत येत होता. एरवी तो एका शाळेत मुलांना शिकवतो, कॅनडाचा, नियमाचा पक्का. मी खाली बघितलं. गोलपुढचा बर्फ लालभडक झालेला. फटीतलं कुंकू सुटलं होतं आणि मी इकडून तिकडे सरकले तसतसे त्याचे पट्टे सगळीकडे उमटले होते. आइस हॉकीत बर्फावर रक्त दिसलं की खेळ थांबवून जखमी शोधतात. त्याने दोन्ही संघांना ओळीत उभं केलं. हनुवट्या बघितल्या, हात बघितले, कोपरं बघितली. दुसऱ्या संघातली एक तर घाबरून स्वतःचे दात मोजत होती. कुणालाही कुठे खरचटलं नव्हतं.

मग तो माझ्यापाशी आला. "वेअर आर यू ब्लीडिंग?"

मी पाय वर केला. त्याने वाकून बघितलं, बोट लावलं, आणि बोट नाकाशी नेलं. खोबरेल. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जन्मात विसरणार नाही.

"इट्स फ्रॉम पूजा," मी म्हटलं.

"हू इज पूजा? इज शी ओके?"

मी त्याला जमेल तसं समजावलं. त्याने टॉवेल मागवला. मी बाकावर बसून दोन्ही पाती, फटी, सगळं कोरडं होईपर्यंत पुसलं, आणि तोवर बर्फही खरवडून झाला. परत उभी राहिले तेव्हा पाती बर्फाला धरत होती. मग मी एकही गोल होऊ दिला नाही. कशी खेळले ते विचाराल तर आठवत नाही. चकती तेवढी दिसत होती, बाकी काही नाही.

मॅच संपल्यावर ती बाई आली. पहिला प्रश्न, ते लाल काय होतं? मी सांगितलं, आम्ही वर्षातून एकदा कामाच्या हत्यारांची पूजा करतो. त्या दिवशी ती वापरत नाही. ती म्हणाली, मग आज कशी वापरलीस? मी म्हटलं, चोरली. ती इतक्या जोरात हसली की रिंकवरची पोरं वळून बघायला लागली. म्हणाली, दहा दिवसांत येऊ शकतेस का?

रात्री घरी आले तेव्हा आईबाबा झोपले होते. फ्रीजमध्ये दुधाची एक बाटली वाढली होती. स्केट्स मी पलंगाखाली ठेवले. उत्तरपूजेच्या आधी गुपचूप पाटावर नेऊन ठेवायचे असं ठरवून झोपले, आणि मेली झोप अशी लागली की जाग आली ती थेट घंटेच्या आवाजाने.

हॉलमध्ये बाबा सोवळं नेसून पाटासमोर बसले होते. आई निरांजन लावत होती. आता काही करण्यासारखं नव्हतं. बाबांनी मंत्र पुटपुटत एकेक फूल उचलायला सुरुवात केली. पहिल्या फुलाखाली कालथा निघाला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही, अक्षता वाहिल्या, पुढे सरकले. दुसऱ्या फुलाखाली सांडशी. आईने छताकडे बघितलं. पान्यांवर, पकडींवर अक्षता पडत गेल्या आणि मग शेवटचं मोठं झेंडूचं फूल निघालं.

बाबा स्वतःच्या सेफ्टी शूजकडे बघत राहिले.

आईच्या खांद्यांना हलकेच हिसके बसत होते, पण चेहरा गंभीर. बाबांनी शूजवर अक्षता वाहिल्या, हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. मग न वळता विचारलं, "कुठे गेली होतीस?"

"मॅचला."

"एवढी कसली मॅच?"

तेव्हा सगळं सांगून टाकलं. स्वीडन, गुडघा, दहा दिवस. सांगताना माझा आवाज चढत गेला. म्हटलं, "तुम्हाला मी जायला नको होतं म्हणून ठेवलेत ना ते पाटावर? सरळ नाही म्हणायचं होतंत."

बाबा वळले. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं, ते मला त्यांच्या तोंडाकडे बघून समजलं. "काल मॅच होती हे मला कुणी सांगितलं होतं?" म्हणाले. "मला काय स्वप्न पडलं?"

"मग माझा लॅपटॉप सोडून ते कशाला ठेवलेत?"

बाबा सांडशी हातात घेऊन तिची तोंडं उघडझाप करत बसले. असं बोलायची त्यांना सवय नव्हती. "तुझ्या मैत्रिणीची गाडी गॅरेजात होती ना, तेव्हा तुला रिंकवरून न्यायला आलो होतो मी," ते म्हणाले.

तो दिवस मला आठवत होता. पार्किंगमध्येच थांबलो होतो असं त्या दिवशी ते म्हणाले होते. बाहेर भट्टी पेटलेली आणि त्यांचे हात मात्र गारठलेले होते. मला वाटलं, गाडीचा एसी.

"काचेतून बघत होतो," बाबा म्हणाले. "बराच वेळ. खेळताना माणूस हसतं गो. तू हसत नव्हतीस. तू काम करत होतीस." त्यांनी सांडशी आईकडे दिली. "लॅपटॉप कंपनीचा आहे. तो त्यांनी पुजावा."

मला रडू आलं. आवरलं नाही, आणि आवरायचा प्रयत्नही केला नाही. मनात आलं, काल दिवसभर या माणसाला मी काय काय बोलले. आणि त्याने आपल्या पान्यांच्या मधोमध, आपल्या हाताने तेल लावून, माझे स्केट्स ठेवले होते.

"विसा?" मी नाक पुसत विचारलं.

"सहा महिने भरायच्या आत एक चक्कर मार. एअरपोर्टवर शिक्का पडला की खलास, पुढचे सहा महिने मोकळी." हे त्यांनी इतकं पटकन सांगितलं की कधीतरी आधीच कुणाला तरी विचारून ठेवलं असणार. मग उठले, आईला म्हणाले, "कालथा धू आणि थालीपीठ टाक. गॅरेज उघडायचंय."

स्केट्स मी पलंगाखालून आणले आणि पाटावर ठेवले. बाबांनी त्यांच्यावर राहिलेल्या अक्षता टाकल्या, नाडीत अडकलेलं झेंडूचं पान काढलं आणि दोन्ही स्केट्स माझ्या हातात दिले. मी डावी टाच पुसायला फडकं घेतलं तर म्हणाले, हळद राहू दे. मग पाटावरचे सेफ्टी शूज उचलले, आत बघितलं, आणि अक्षता न झटकता तसेच पायात घालून गॅरेजला गेले.